वस्तऱ्याच्या मुठीची तिरकस कड: रेघ एकसारखी राहत नाही, मदत हवी

कोरेगावकर, शनिवार रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांब आहे, पण अर्धवट माहितीवर कुणी उत्तर देणार कसं, म्हणून सगळं लिहितो.

आजोबांच्या धोकटीतला एक वस्तरा गेल्या दिवाळीत गावच्या घरी माळ्यावर सापडला. पात्यावर ‘शेफील्ड’ एवढंच वाचता येतं, बाकीचा शिक्का पुसून पुसून गेलाय. पातं अजून उत्तम आहे, सहाणेवर धार धरतं. मूठ मात्र गेली. म्हशीच्या शिंगाच्या दोन पट्ट्या होत्या. एकीला कसर लागून जागोजागी भोकं पडलीत, दुसरी खिळ्यापाशी उभी तडकली आहे. दोन्ही सुट्या करून जपून ठेवल्यात. त्यांच्यावरूनच नव्या पट्ट्या करतोय.

जुन्या पट्ट्यांची एक गोष्ट मला फार आवडते. बाहेरच्या अंगाने चहूबाजूंनी कडेला उतार दिलेला आहे, सुमारे ३ मिमी रुंद. मधला सपाट भाग संपून उतार सुरू होतो तिथे एक स्वच्छ रेघ दिसते आणि ती तोंडापासून (पातं फिरतं त्या टोकापासून) बुडापर्यंत कडेला समांतर धावते. वस्तरा हातात फिरवला की त्या रेघेवरून उजेड सरकतो. कुणी केलं, कधी केलं, माहीत नाही. पण करणाऱ्याचा हात चुकलेला नाही. मला ती रेघ तशीच हवी आहे.

लाकूड शिसव. पुण्याच्या जुन्या बाजारात पलंगाचा एक पाय मिळाला, तो चिरून घेतला. पट्टी १४५ मिमी लांब, ३ मिमी जाड. बाहेरचा आकार करवतीने ढोबळ कापतो, लाकडाच्या ठोकळ्याला १२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून अंदाजाने उतार घासतो, मग आकार नीट करतो आणि शेवटी ड्रिलला बफ (चकाकीचं कापडी चाक) लावून चकाकी आणतो. तीन जोड्या झाल्या, तिन्ही वाया. मध्यावर उतार ४ मिमी होतो, टोकाला २. खालच्या बाजूला जो खोलगट बाक आहे तिथे रेघ लाटेसारखी वरखाली होते. आणि जेवढी रेघ येते तेवढीही बफ मारल्यावर विरघळल्यासारखी दिसेनाशी होते.

चुकतंय कुठे?

गुण्या, शनिवार रात्री १०:५५

दोन गोष्टी आधी सांगा. उतार द्यायच्या आधी रेघा आखता का? आणि बाहेरचा आकार उतारानंतर नीट करता, असं लिहिलंय, ते खरंच तसं का?

कोरेगावकर, शनिवार रात्री ११:०४

आखत नाही, काका. डोळ्याने करतो. आणि हो, आकार नंतर.

गुण्या, रविवार सकाळी ७:३०

मग चूक हाताची नाही, क्रमाची आहे. मी ३४ वर्षं सुतारकाम केलं, त्यातली शेवटची बरीच वर्षं लहान कामं: पेट्या, सुऱ्यांच्या मुठी, देव्हाऱ्यांच्या चौकटी. वस्तऱ्याची मूठ आजवर दोनदाच केली, पण कडेचा उतार सगळीकडे सारखाच वागतो.

उताराची रुंदी कुठून मोजायची? बाहेरच्या कडेपासून. ती कडच अजून बदलणार असेल तर रुंदीला आधार कसला? तुम्ही उतार केला, मग कडेवरून जिथे अर्धा मिलिमीटर काढलात तिथे उतार अर्ध्या मिलिमीटरने अरुंद झाला. लाट तिथूनच येते. म्हणून बाहेरचा आकार पूर्ण करा, अगदी ४०० पेपरपर्यंत. त्यानंतर त्या कडेला हात लावायचा नाही.

सुरुवातीपासून सांगतो. दोन्ही पट्ट्यांचे आतले तोंड, म्हणजे आतली सपाट बाजू, काचेवर पेपर पसरून सपाट करून घ्या. दुहेरी टेपने पाठीला पाठ चिकटवा. खिळ्यांची भोकं आत्ताच पाडा, दोन्ही पट्ट्यांतून एकदम, आणि त्यांत पितळी तारेचे तुकडे बसवा म्हणजे जोडी हलणार नाही. आता बाहेरचा आकार दोन्हीचा मिळून करायचा. कड पट्टीच्या तोंडाशी काटकोनात आहे का, हे गुण्याने (काटकोन तपासायच्या अवजाराने) दर दोन बोटांवर बघायचं. कड कलती असेल तर पुढचं सगळं कलतं होणार. इथे घाई करू नका. माझा अर्धा दिवस याच कामात जातो आणि तो तसाच जावा असं मला वाटतं.

मग जोडी सोडवा. आता प्रत्येक पट्टीवर दोन रेघा. एक वरच्या तोंडावर, कडेपासून ३ मिमी आत. दुसरी कडेच्या जाडीवर, आतल्या तोंडापासून २ मिमी उंचीवर. या दोन रेघांच्या मधला कोपरा काढला की तोच तुमचा उतार. शिसवावर साधी पेन्सिल दिसत नाही, पांढरी पेन्सिल घ्या किंवा व्हर्निअरच्या टोकाने हलकी चर पाडा. चर उत्तम, कारण कानशीखाली ती पुसत नाही.

कानशीने काम करा, पेपरने नाही. पेपर मऊ आहे, ठोकळ्याच्या कडेला वाकतो आणि कोपरा गोल करतो. चपटी बारीक दातांची कानस घ्या, तिच्यात खडू घासा म्हणजे शिसवाचा तेलकट भुसा दातांत बसणार नाही. दोन्ही रेघांपासून केसभर अलीकडे थांबा. तिथून पुढे पेपर, पण तो स्टीलच्या फुटपट्टीच्या तुकड्याला चिकटवलेला.

पट्टी हातात धरून घासू नका. जाड फळीवर दोन बारीक खिळे ठोका, पट्टीची भोकं त्यात अडकवा, फळी व्हाइसमध्ये धरा. दोन्ही हात कानशीला मोकळे हवेत.

मायक्रॉन, रविवार सकाळी ९:१८

गुण्याकाकांनी क्रम अचूक सांगितलाय. मी भोसरीत टूलरूममध्ये आहे, आम्ही याला चाम्फर म्हणतो. यात एक हिशेब आहे, तो कळला की रेघ इतकी का हलते ते कळेल.

तुमचा उतार ३ मिमी रुंद आणि १ मिमी खोल. म्हणजे साधारण १८ अंशांचा, बराच झोपलेला. अशा उतारात खोलीची चूक रुंदीत तिप्पट होऊन दिसते. कानशीने एके जागी ०.१ मिमी जास्त खाल्लं तर रेघ तिथे ०.३ मिमी आत सरकते. ०.१ मिमी बोटाला लागत नाही, पण सरळ रेघेतली ०.३ मिमीची लाट डोळ्याला लगेच दिसते. ४५ अंशांच्या चाम्फरला ०.१ची चूक ०.१च दिसते, म्हणून यंत्रांच्या भागांवरची चाम्फर नेहमी नेटकी वाटते. तुम्ही अवघड उतार निवडलाय, एवढंच.

याच हिशेबाचा उपयोगही होतो. उतार करून झाल्यावर वरचं सपाट तोंड काचेवर घासून ०.१ मिमी खाली आणलंत, तर सगळीकडची रेघ ०.३ मिमी बाहेर सरकते आणि सगळीकडे सारखीच सरकते, कारण काच सपाट आहे. म्हणून उतार आधी पाव-अर्धा मिमी जास्त रुंद करायचा, आणि शेवटची रुंदी काचेवर तोंड घासून आणायची. मी असंच करते. रेघेची धार पण त्यानेच येते.

मात्र त्यासाठी पट्टीची जाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी हवी. तुमच्या पलंगाच्या पायातून चिरलेल्या पट्ट्या आहेत, पाच ठिकाणी व्हर्निअर लावून बघा. एका टोकाला ३.० आणि दुसऱ्याला २.८ असेल तर आतल्या तोंडापासून २ मिमीची रेघ धरूनही उतार एका टोकाला ३ मिमी आणि दुसऱ्याला २.४ येणार, कितीही मन लावून घासा.

कोरेगावकर, रविवार सकाळी ९:४०

व्हर्निअर लावला. ३.१, ३.०, २.९, २.९, २.७. तीन महिने मी पॉलिश पेपरला दोष देत होतो. ताई, मनापासून आभार. आज नव्या, जरा जाड पट्ट्या चिरून काचेवर.

भट्टी_आणि_घण, रविवार दुपारी १:०५

वेगळं मत मांडतो. मी कोल्हापूरजवळ सुऱ्या बनवतो, मुठी सगळ्या बेल्ट ग्राइंडरवर. कोनाची एक फळी टेकू म्हणून लावायची, पट्टी तिच्यावर टेकवून फिरवायची, ४ मिनिटांत चारही कडा. कानशीचा इतका व्याप कशाला? कोन टेकूने धरलेला असतो, हात चुकायचा प्रश्नच नाही.

गुण्या, रविवार दुपारी ३:२०

सुरीची मूठ २० मिमी जाड असते. ही ३ मिमी आहे. बेल्टवर एक क्षण जास्त टेकली तर उतार आतल्या तोंडापर्यंत पोचतो आणि कड कागदासारखी होते. शिवाय शिसव तापलं की त्यातलं तेल वर येतं, काळपट डाग पडतो. ज्याचा बेल्टवर हात बसलाय त्याने जरूर करावं. एकच जोडीपुरतं लाकूड हातात असलेल्या माणसाला मी कानसच सांगेन.

भट्टी_आणि_घण, रविवार दुपारी ३:४१

जाडीचा मुद्दा मान्य. तरी खोलगट बाकासाठी छोट्या चाकावरचा बेल्ट कानशीपेक्षा बरा, हे मी सोडणार नाही. :)

देवगडकरीण, रविवार रात्री ८:५०

मी शिंगाच्या फण्या आणि केसांचे आकडे करते, म्हणून शिंगाबद्दल लिहिते. कोरेगावकर, जुन्या पट्ट्या शिंगाच्या होत्या तर नव्याही शिंगाच्याच कराव्यात असं नाही का वाटलं? शिंगावर जी रेघ येते ती लाकडावर येत नाही. लाकडाला रेषा असतात, मऊ आणि कडक पट्टे असतात, पेपर मऊ पट्टा जास्त खातो. काळं म्हशीचं शिंग सगळीकडे सारखं कापलं जातं.

फक्त शिंग म्हशीचंच घ्या. माळ्यावर कुणाकडे गव्याची जुनी शिंगं असतात आणि लोक सहज देऊ करतात. गवा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला हात लावू नका. म्हशीचं शिंग कापून चपटं केलेलं मिळतं, उत्तर प्रदेशातल्या संभळचे कारागीर त्यासाठी ओळखले जातात.

शिंग तापवायचं नाही. घासताना जळक्या केसांचा वास आला की थांबा, तो भाग ठिसूळ झाला. पाण्याने पेपर ओला करून घासलं तर चालतं, पण पट्टी पाण्यात भिजवून ठेवली तर फुगते आणि वाळताना पिळवटते. ओलं काम झालं की दोन सपाट फळ्यांमध्ये वजनाखाली रात्रभर ठेवा.

आणि उतारासाठी मी कानशीनंतर पेपर घेतच नाही. स्टीलची खरवडणी घेते, तिची कड अगदी सरळ करून. ती उतारावर आडवी धरून एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायची. कांद्याच्या सालीसारखे पातळ पापुद्रे निघतात. भुसा उडत नाही आणि कोपरा गोल होत नाही, कारण खरवडणी दबत नाही. आमच्याकडे जुने लोक फुटक्या काचेच्या कडेने हेच करायचे. काचेची कड सरळ असेल तर अजूनही तितकंच चांगलं काम होतं, फक्त हाताला कापड गुंडाळा.

डॉनकास्टरकर, सोमवार पहाटे ३:१५ (इथे रविवार रात्र)

हा धागा वाचून झोप उडाली, म्हणून लिहितोय. मी शेफील्डपासून अर्ध्या तासावर राहतो. तुमच्या आजोबांच्या वस्तऱ्याच्या पट्ट्या कुणी केल्या याचं नाव सापडणार नाही, पण तो कोणत्या प्रकारचा माणूस असेल हे सांगता येतं.

शेफील्डमध्ये वस्तरा एका हाताने होत नसे. पातं घडवणारा वेगळा, ते दगडावर घासणारा वेगळा, आणि मूठ बसवणारा वेगळा. पुष्कळ जण छोट्या भाड्याच्या खोल्यांत स्वतंत्रपणे काम करत, त्यांना इथे ‘लिटल मेस्टर्स’ म्हणतात. शिंग तापवून साच्यात दाबणं हाही एक वेगळा धंदा होता. शिंग तापलं की मऊ होतं आणि थंड झालं की दिलेला आकार धरतं. म्हणून जुन्या वस्तऱ्यांच्या कित्येक पट्ट्यांवर दाबून उमटवलेली नक्षी दिसते. ज्यावर नक्षी नाही, फक्त कानशीने दिलेला उतार आहे, ती मूठ साधी म्हणून विकली गेली असणार. पण साध्या कामात लपवायला जागा नसते, हे तुम्ही आता स्वतःच बघताय.

केल्हॅम आयलंड संग्रहालयात हॉली यांचा जुन्या हत्यारांचा मोठा संग्रह आहे. कुणी इकडे आलात तर एक दिवस तिथे काढा.

एक काळजीची सूचना. जुन्या मुठीत बुडाशी जी पाचर होती ती करडी, जड आणि नखाने ओरखडा पडेल इतकी मऊ होती का? असेल तर ते शिसं आहे. ती पाचर कोरडी घासू नका, हात धुवा, लहान मुलांपासून दूर ठेवा. नवी पाचर पितळेची किंवा शिंगाची करा.

कोरेगावकर, सोमवार सकाळी ८:०५

आहे! करडी आणि जड. मी तिला पितळ समजून काळी पडली म्हणून घासणार होतो. वेळेवर सांगितलंत.

देवगडकरीण ताई, शिंगाचं मनात होतं. पण आमच्या घरातला देव्हाराही शिसवाचाच आहे, म्हणून पहिली जोडी त्याच लाकडाची. दुसरी शिंगाची करेन, तेव्हा तुम्हालाच विचारणार.

नवखी, सोमवार सकाळी ११:३०

मधेच विचारते, राग नसावा. कड नुसती गोल केली तर काय बिघडेल? गोल करणं सोपं आणि ओल्या हाताला टोचणारही नाही. उतारामुळे हाताला काही फरक पडतो की फक्त दिसायला?

कोरेगावकर, सोमवार रात्री ९:२२

राग कसला. दोन्ही प्रकारच्या मुठी पूर्वी होत्याच, गोल कडेच्या कदाचित जास्तच. फरक मला हातात जाणवला तो असा: दाढी करताना मूठ उघडून करंगळीच्या बाजूला उभी असते आणि बोटं पात्याच्या शेपटावर असतात. पातं पलटताना मूठ बोटांमध्ये फिरते. गोल कडेची मूठ किती फिरली ते न बघता कळत नाही. उताराची मूठ फिरताना बोटाखाली एक सपाटी संपून दुसरी लागते आणि बोटाला कोन कळतो. आजोबा बोलता बोलता, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत वस्तरा पलटायचे, हे वडिलांनी सांगितलेलं आहे. त्यासाठीच उतार दिला होता असं मी म्हणत नाही. माझ्या बोटांना तो तसा लागतो, एवढं खरं.

टोचत नाही, कारण अगदी बाहेरच्या कडेचा कोपरा शेवटी ६०० पेपरने दोन-तीन हात मारून मोडायचा असतो. रेघ वेगळी आणि ती कड वेगळी. रेघेला हात लावायचा नाही.

नवखी, सोमवार रात्री ९:३०

छान समजावलंत. धन्यवाद.

कोरेगावकर, शुक्रवार रात्री १०:४०

चौथ्या जोडीची हकीकत. जाडी सगळीकडे ३.०, फरक ०.०३च्या आत. आकार ४००पर्यंत पूर्ण. चरा पाडून रेघा आखल्या. वरच्या, फुगीर बाजूचा उतार पहिल्याच दिवशी मनासारखा आला. इतकं समाधान झालं की पट्टी उशाशी घेऊन झोपलो.

खालच्या खोलगट बाजूला मात्र अडलोय. चपटी कानस बाकाच्या दोन टोकांवर टेकते आणि मध्ये पोचत नाही. कलती धरली तर तिची कड रुतते आणि खाच पडते. दोन खाचा पडल्या आहेत, सुदैवाने रेघेच्या बाहेर. शिवाय बाकाच्या एका बाजूला लाकूड तुसं काढतं, दुसऱ्या बाजूला नाही.

गुण्या, शनिवार सकाळी ६:५०

तिथे अर्धगोल कानस, गोल बाजूने. तिची गोलाई तुमच्या बाकापेक्षा थोडी लहान हवी, मोठी असेल तर तीही टोकांवरच टेकेल. कानस पुढे ढकलताना बाजूलाही सरकवत न्या, एका जागी पुढेमागे केली की चर पडते. मनगट अगदी थोडं वळत राहिलं पाहिजे, म्हणजे बाकाबरोबर कानस वळते.

तुसं दिशेमुळे निघतात. खोलगट बाकात दोन्ही टोकांकडून मध्याकडे उतरत यायचं. फुगीर बाजूला उलटं, मध्यापासून टोकांकडे. चढावर कानस चालवली की लाकडाचे धागे उचलले जातात. म्हणजे खोलगट बाजूची कामं दोन दिशांनी होतात आणि मध्यावर जुळतात. जुळणीच्या जागी उंचवटा राहतो, तो शेवटी गोल दांडीला पेपर चिकटवून काढा. जुन्या छत्रीची जाड दांडी यासाठी मी वर्षानुवर्षं वापरतोय.

पेपर बदलताना घासायची दिशाही बदला. १८० उतारावर तिरका डावीकडे, २४० तिरका उजवीकडे, ३२० लांबीच्या दिशेने. आधीचे ओरखडे आडवे दिसले की समजायचं, तो नंबर अजून संपलेला नाही. रात्री टेबलावरचा दिवा अगदी खाली, पट्टीच्या पातळीला आणून बघा. वरच्या ट्यूबलाइटखाली सगळंच गुळगुळीत दिसतं.

मायक्रॉन, शनिवार सकाळी १०:१५

दोन्ही टोकांकडे लक्ष द्या, कोरेगावकर. खिळ्याखालचं वॉशर सपाट भागावरच बसलं पाहिजे. तोंडाशी तुमची पट्टी किती रुंद आहे? १२ असेल तर दोन्ही बाजूंचे ३-३ जाऊन ६ मिमी सपाट राहतं. ४ मिमीचं वॉशर आरामात बसेल. बुडाशी पट्टी अरुंद होते. तिथे ९ असेल तर ३ मिमीच सपाट उरलं, वॉशरच्या कडा उतारावर लोंबकळणार, आणि खिळा ठोकताना वॉशर वाकणार किंवा पट्टी चिरणार.

कोरेगावकर, शनिवार सकाळी १०:३८

तोंडाशी १२, बुडाशी ९. तुम्ही बघून लिहिल्यासारखं लिहिलंय. आता जुन्या पट्ट्या नीट मोजल्या: बुडाकडे शेवटच्या २५ मिमीत उतार ३ वरून २ वर आलेला आहे, इतक्या हळूहळू की माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे ज्याने केलं त्याला हे ठाऊक होतं. मी समांतर, समांतर म्हणत बसलो आणि त्याची रेघ समांतर नव्हतीच.

मायक्रॉन, शनिवार सकाळी १०:४४

तसंच करा. २ मिमीने ५ मिमी सपाट मिळेल. जाडीवरची रेघ पण त्या प्रमाणात वर न्या, २ मिमी उंचीवरून साधारण २.३ वर. नाहीतर रुंदी कमी होईल आणि उतार उभा होईल, उजेड तिथे वेगळा पडेल.

भट्टी_आणि_घण, शनिवार दुपारी १२:२०

बफबद्दल कुणी स्पष्ट लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण रेघ तिथेच मरते. कापडी चाक कोपऱ्याला आधी खातं, सपाटीला नंतर. मीही बेल्टवाला असून रेघेच्या कामाला चाक लावत नाही. १००० आणि २००० वॉटर पेपर स्टीलच्या पट्टीला चिकटवून, आधी उतार, मग सपाट तोंड काचेवर. चकाकी हवी तर कठीण लाकडाच्या पट्टीवर साधा कागद चिकटवून त्याला मेटल पॉलिश लावा आणि एकेक सपाटी वेगळी घासा. वेळ लागतो, पण ज्या रेघेसाठी महिना घालवला ती पाच सेकंदांत पुसून टाकण्यापेक्षा बरं.

आणि मास्क लावा. शिसवाच्या भुशाने काहींच्या अंगाला खाज सुटते, छाती भरते. माझ्या मदतनिसाला झालं होतं.

कोरेगावकर, शनिवार रात्री ९:१०

शेवटचा हात कशाचा द्यावा? चपड्याचं (लाखेचं) पॉलिश घरात आहे.

गुण्या, रविवार सकाळी ७:१५

चपडा माझा आवडता आहे, पण इथे नको. वस्तऱ्याला रोज पाणी आणि साबण. चपड्यावर पाण्याचे पांढरे डाग पडतात. दुसरं, थरावर थर चढला की रेघेवर साय धरल्यासारखी दिसते, कोपरा मऊ होतो. बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) लावा, अगदी पातळ, दहा मिनिटांनी सगळं पुसून काढा. दिवसाआड असे चार-पाच हात. शिसवाला स्वतःचं तेल असतं, त्यामुळे वाळायला वेळ घेतं. पहिल्या हाताआधी स्पिरिटने पुसून घेतलं तर बरं धरतं. आतल्या बाजूलाही तितकेच हात द्या. एक बाजू बंद आणि एक उघडी राहिली तर पावसाळ्यात ३ मिमीची पट्टी हमखास वाकते आणि पातं मिटताना कडेला घासतं.

तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. बेलतेलाचं फडकं वाळताना आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात यामुळे रात्री आग लागली होती, म्हणून प्रत्येकाला सांगतो.

देवगडकरीण, रविवार सकाळी ९:०२

खिळा ठोकताना: १.६ मिमीची पितळी तार, वॉशरच्या वर एक मिमीपेक्षा थोडी कमीच बाहेर ठेवा. लहान गोल डोक्याची हातोडी, खाली गुळगुळीत लोखंड. टिचकी मारल्यासारखे हलके ठोके, डोकं चहूबाजूंनी पसरत नेत. दर आठ-दहा ठोक्यांनी पलटून दुसऱ्या बाजूने. जोरात मारला तर तार भोकात फुगते आणि पट्टी आतून चिरते. आधी बुडाचा, पाचरेचा खिळा पक्का करा. मग पातं बसवून मिटवून बघा, धार दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मध्ये पडते का. नसेल तर पाचर एका अंगाने केसभर घासा. त्यानंतरच तोंडाचा खिळा.

कोरेगावकर, २१ दिवसांनी, रविवार संध्याकाळी ६:३०

झाला. बेलतेलाचे पाच हात झाले, खिळे ठोकले, काल रात्री पातं बसवलं. धार मध्ये पडते. पाचर शिंगाची केली, जुन्याच पट्टीच्या चांगल्या तुकड्यातून, म्हणजे मूळ मुठीतलं काहीतरी आत राहिलं.

रेघ सगळीकडे २.९ ते ३.१, बुडाकडे उतरत २. डाव्या पट्टीवर खोलगट बाकाच्या मध्यावर एके ठिकाणी ३.३ आहे, दोन्ही दिशांचं काम जुळतं तिथेच. तोंड अजून खाली घेतलं असतं तर ती ३ वर आली असती, पण मग बाकीचा उतारही तेवढाच अरुंद झाला असता. तशीच ठेवली.

वडील ७६ वर्षांचे आहेत. आज सकाळी त्यांच्या हातात दिला. त्यांनी उघडला, मिटला, पुन्हा उघडला. अंगठा कडेवरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. मग खिडकीपाशी जाऊन तिरका धरून बराच वेळ बघत राहिले. नंतर म्हणाले, “पट्टा कुठं ठेवलाय? धार उतरलीये याची.”

गुण्या, रविवार संध्याकाळी ७:०५

फार बरं वाटलं वाचून. ३.३ची जागा राहू द्या.

मायक्रॉन, रविवार संध्याकाळी ७:२०

अभिनंदन! बुडाचं वॉशर पूर्ण टेकलं का?

कोरेगावकर, रविवार संध्याकाळी ७:२२

टेकलं, ताई. दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा मिमी सपाट दिसतंय.